अट मालावर घाला, माणसावर नको

मिरजेत औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, म्हणून फिरायचो तेव्हाची गोष्ट. जानेवारी ते मार्चची तिमाही चांगली गेली होती. ३१ मार्चच्या रात्री साडेनऊपर्यंत स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक औषधविक्रेत्याच्या, गोदामात खोक्यांवर बसून क्लोजिंग म्हणजे तिमाहीअखेरचा हिशेब काढला. टार्गेटच्या वर बारा टक्के धंदा झाला होता. कंपनीच्या सर्क्युलरमधला स्लॅब लावला की माझं इन्सेन्टिव्ह साडेअठरा हजार रुपये होत होतं, माझ्या तेव्हाच्या दोन पगारांहून जास्त. एप्रिलच्या मध्यावर दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. राजीनामा दिला, नोटिशीचा महिना इमानेइतबारे भरला, बॅग, सॅम्पल, फोल्डर मोजून परत केले. मेअखेरीस सगळ्यांचं इन्सेन्टिव्ह जमा झालं, माझं झालं नाही. साहेबांना फोन केला. ते चिडले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, सर्क्युलरच्या शेवटी बघ ना. पैसे वाटायच्या तारखेला माणूस रोलवर पाहिजे, म्हणजे नोकरीत पाहिजे." बघितलं. तसं लिहिलेलं होतं.

त्या पैशांचं वाईट वाटणं कधीच संपलं. ते वाक्य मात्र अजून धडधाकट आहे. गाड्यांच्या शोरूममध्ये, बिल्डरच्या साइट ऑफिसात, कर्ज आणि विमा विकणाऱ्या टेलिकॉलिंगच्या हॉलमध्ये, सॉफ्टवेअर विकणाऱ्या चकचकीत कंपनीत, ऑफर लेटरला जोडलेल्या कागदांत ते हमखास भेटतं. भाषा तेवढी सुधारली आहे: व्हेरिएबल पे (कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा पगार) पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहील, योजना कोणत्याही वेळी पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा किंवा बंद करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते, देय तारखेला कर्मचारी नोटीस पिरियडवर असल्यास रक्कम मिळणार नाही. तिसरं वाक्य नीट वाचा. नुसता सोडून गेलेला नव्हे, जाणार असं सांगितलेला माणूसही बाद. तो अजून रोज कामावर येतोय, विक्री करतोय, आणि त्या विक्रीवरचं कमिशन मात्र त्याचं नाही.

कमिशनवर अटी घालायला माझी हरकत नाही. विक्रीत काम केलेल्या कोणाचीच नसावी. माल परत आला, चेक वटला नाही, फ्लॅटचं बुकिंग रद्द झालं, गाडीचं कर्ज मंजूर झालं नाही, तर कमिशन थांबलंच पाहिजे. पण या सगळ्या अटी विक्रीच्या आहेत. विक्री पक्की झाली, पैसे कंपनीच्या खात्यात आले, आणि मग विकणारा माणूस दुसरीकडे गेला म्हणून त्याचा वाटा कंपनीने ठेवून घेतला, तर ती मजुरी बुडवणंच झालं. आपला कायदा याला या नावाने हाक मारायला कधी पूर्ण तयार नव्हता. अलीकडे तर तो दोन पावलं मागे सरकला आहे.

मजुरी हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण टाय लावलेल्या माणसाला तो झोंबतो. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांकडे बघा. त्यांना महिन्याचा पगार नसतो, हजार विड्यांमागे दर असतो. वळलेल्या विड्यांतल्या काही कारखानदार नापास करतो, आणि त्यावरून भांडणं होतात. १९६६ साली विडी-सिगार कामगारांसाठी केंद्राने कायदा केला तेव्हा त्यात या भांडणाची स्वतंत्र सोय केली: पानं-तंबाखू देण्याबद्दलचा वाद, विड्या नापास करण्याबद्दलचा वाद आणि नापास विड्यांच्या मजुरीचा वाद नेमलेल्या अधिकाऱ्याने सोडवायचा. म्हणजे नगावर मिळणारी रक्कमसुद्धा मजुरीच, हे गृहीत धरूनच कायदा पुढे गेला. वाद फक्त एवढाच उरला की विडी चांगली होती की नव्हती. शुक्रवारी विड्या दिल्या आणि सोमवारी बाई दुसऱ्या कारखान्यात गेली म्हणून शुक्रवारच्या विड्या फुकट, असं तिथे कोणी म्हटलं तर गल्ली गोळा होईल. हजार विड्यांना अमुक रुपये आणि हजार रुपयांच्या विक्रीला अमुक रुपये, यात मला तरी फरक दिसत नाही. पण विक्रीतल्या माणसाच्या कमिशनला आपण बक्षीस, प्रोत्साहन, कंपनीचा मोठेपणा असली नावं दिली. नाव बदललं की हक्काची मर्जी होते.

आता कायद्याचं थोडं, कारण खरी गंमत तिथे आहे.

विक्री करणारा माणूस कामगार आहे का, या प्रश्नाने आपल्या न्यायालयांना बराच काळ पिडलं. औद्योगिक विवाद कायद्यातली 'कामगार' ही व्याख्या शारीरिक, कारकुनी, तांत्रिक, देखरेखीचं अशा कामांच्या प्रकारांवर बेतलेली. डॉक्टरांना भेटून औषधं समजावून सांगणं यातल्या कोणत्या खणात बसवायचं? १९६१ साली मे अँड बेकर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कुठल्याच नाही. त्यामुळे एमआरला काढून टाकलं तर कामगार न्यायालयाचं दार बंद. औषध प्रतिनिधींच्या संघटनांनी दाद मागितली, राज्यसभेच्या याचिका समितीने त्यात लक्ष घातलं, आणि १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. नेमणूकपत्र द्यायलाच हवं, अकरा दिवस कामाला एक दिवस हक्काची रजा, आणि औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण कामगाराला असतं तसं. या कायद्याच्या मूळ व्याख्येत मिळकतीची मर्यादा होती, आणि ती ठरवताना फक्त कमिशनवर जगणाऱ्या माणसाचाही उल्लेख केलेला होता. म्हणजे तेव्हाच्या संसदेला हा प्राणी माहीत होता.

पुढे १९८२च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'वेतन' या व्याख्येत एक ओळ वाढवली गेली, १९८४ पासून ती लागू झाली: विक्री किंवा धंदा वाढवल्याबद्दल देय असलेलं कमिशन हेसुद्धा वेतन. एक ओळ, पण वजनदार. कारण त्याच कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे वेतनात किंवा ते देण्याच्या पद्धतीत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. कमिशन वेतन आहे असं एकदा म्हटलं की तिमाही अर्धी झाल्यावर मेल टाकून स्लॅब बदलणाऱ्या मालकाला विचारता येत होतं, नोटीस कुठे आहे? किती जणांनी विचारलं हा वेगळा प्रश्न. साहेबांना असलं काही विचारणारा एमआर पुढच्या महिन्यात जतच्या पलीकडे बदलीवर दिसायचा. पण विचारायला जागा होती.

१९९४ साली एच. आर. अड्यंथाया विरुद्ध सँडोझ या खटल्यात घटनापीठाने पुन्हा तेच ठरवलं: एमआर हा मूळ व्याख्येतला कामगार नव्हे, त्याला जे मिळेल ते १९७६च्या कायद्याच्या आधाराने. महाराष्ट्रात याचा फटका असा बसला की अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या आपल्या १९७१च्या राज्य कायद्याखाली तक्रार करता येईना, कारण तो कायदा कामगाराची व्याख्या केंद्राकडून उसनी घेत होता. विधिमंडळाने नंतर त्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचारी जोडला आणि ती फट बुजवली. या राज्य कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली नववी बाब, म्हणजे करार किंवा तडजोड न पाळणं, ही आपल्याकडच्या कामगार वकिलांची आवडती. कमिशनची लेखी योजना हा करारच, असं म्हणून तिच्यावर बोट ठेवता येतं. २०११ मध्ये केंद्राने १९७६चा कायदा औषधांखेरीज आणखी दहा उद्योगांना लावला: साबण-सौंदर्यप्रसाधनं, तयार कपडे, शीतपेयं, बिस्किटं, वाहनं, इलेक्ट्रॉनिक्स, विजेची उपकरणं, रंग वगैरे. बऱ्याच शोरूममधल्या पोरांना आजही पत्ता नाही की त्यांच्यासाठी असा काही कायदा होता.

आणि मग आली वेतन संहिता. २०१९ मध्ये मंजूर झाली, बाकीच्या तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात चांगलं बरंच आहे, ते आधी सांगतो. वेळेवर वेतन देण्याचा जुना १९३६चा कायदा शेवटी शेवटी महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या माणसालाच लागू होता. ही मर्यादा गेली. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर वेतनाचं सगळं येणं दोन कामकाजाच्या दिवसांत. तक्रारीला पूर्वी एक वर्ष मिळायचं, आता तीन. पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. चुकला तर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई. विक्री संवर्धन कर्मचाऱ्याला 'कामगार' या व्याख्येत नावानिशी घेतलं आहे. वाचताना वाटतं, चला, आपलं भलं झालं.

मग 'वेतन' या शब्दाची व्याख्या येते. काय काय वेतन नाही याची तिथे यादी आहे. बोनस नाही, घरभाडं नाही, प्रवासभत्ता नाही, पीएफमधला मालकाचा हिस्सा नाही, ओव्हरटाइम नाही, आणि याच यादीत, कर्मचाऱ्याला देय असलेलं कोणतंही कमिशन नाही. खाली एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट, आहे: या वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरची रक्कम वेतनात धरायची. त्याखाली दुसरं परंतुक: वेळेवर वेतन देण्याच्या कामापुरतं प्रवासभत्ता, घरभाडं, निवाड्याप्रमाणे मिळणारी रक्कम आणि ओव्हरटाइम हे वेतनात मोजायचे. चार गोष्टी परत आत घेतल्या. पाचवी घेतली असती तर कमिशन वाचलं असतं. घेतली नाही. चुकून राहिली म्हणावं तर यादी प्रत्येक बाबीला अक्षर लावून केलेली आहे.

आकडे घालून बघू. एका शोरूममधल्या मुलाला मूळ पगार १५,००० आणि महिन्याचं कमिशन सरासरी २५,०००, बाकी काही नाही. एकूण ४०,०००. निम्मे २०,०००. वगळलेलं २५,००० म्हणजे निम्म्याहून ५,००० जास्त, ते वेतनात आले. त्याचं कायदेशीर वेतन झालं २०,०००. उरलेले २०,००० त्याने कमावले आहेत, घराचा हप्ता त्यांच्यावर चालतो आहे, पण संहिता शब्दशः वाचली तर ते सात तारखेच्या नियमाबाहेर, दोन दिवसांच्या नियमाबाहेर, दहापट भरपाईबाहेर. दार रुंद केलं आणि पाहुण्याला ओसरीवर बसवलं. औद्योगिक संबंध संहितेतही वेतनाची व्याख्या हीच, त्यामुळे १९८२ची ती एक ओळ आता कुठेच नाही. चाळीस वर्षांपूर्वी जे आत घेतलं होतं ते बाहेर काढलं, आणि यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाल्याचं मला तरी आठवत नाही. सगळा गदारोळ हातात येणारा पगार कमी होणार का, याचाच.

न्यायाला धरून एक सांगायला हवं. कमिशन वेतनात न धरल्याने काही मालकांची एक जुनी लबाडीही अवघड होते: मूळ पगार नाममात्र ठेवायचा आणि कमिशन मिळवून किमान वेतन भरलं असं दाखवायचं. आता किमान वेतन निदान मोठ्या अंशी कमिशनशिवायच भरावं लागेल. कदाचित वगळण्यामागे हाच हेतू असेल. पण त्यासाठी 'किमान वेतनाच्या हिशेबात कमिशन धरू नये' एवढं लिहिणं पुरलं असतं. उंदरासाठी घर जाळायची गरज नव्हती.

यात मला सगळ्यात जास्त खुपतो तो दुटप्पी हिशेब. मुलाखतीला बसलात की कमिशन पगारच असतं. "सात लाखांचं पॅकेज आहे", आणि त्यात अडीच लाख व्हेरिएबल. घरी, सोयरिकीला, बँकेच्या कर्जाच्या अर्जावर तोच आकडा. रुजू झालात की तेच कमिशन पगार नसतं: पीएफला नाही, ग्रॅच्युइटीला नाही, रजेच्या पैशांना नाही. इन्सेन्टिव्ह महिन्याला न देता तिमाहीला देण्याची जी पद्धत पडली तिला एक कारण कर्मचारी राज्य विमा योजनेचंही (ईएसआय) आहे. त्या कायद्यात जास्तीची रक्कम दोन महिन्यांहून मोठ्या अंतराने दिली तर ती वेतनात धरली जात नसे, आणि व्हर्लपूल कंपनीच्या २०००च्या निकालाने तिमाही प्रोत्साहनाबाबत त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता वर्गणी वाचली म्हणून तिमाही. आणि तिमाही झाली की मधल्या काळात माणूस अडकलेला राहतो, हा वरचा नफा.

उलट दिशेची एक जुनी केस मला फार आवडते. गेस्टेटनर डुप्लिकेटर्स ही सायक्लोस्टाइलची यंत्रं विकणारी कंपनी. सेल्समनना उलाढालीवर ठरलेल्या टक्क्यांनी कमिशन देई आणि त्यावर पीएफही भरे. तेवढी रक्कम आयकरातून वजा मिळावी म्हणून कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. आयकर खात्याचं म्हणणं, कमिशन म्हणजे पगार नव्हे. १९७९ साली न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं: नोकरीच्या करारानुसार ठरलेल्या दराने मिळणारं कमिशन हे पगाराच्याच जातीचं, पगार मोजायची फक्त पद्धत वेगळी. आज कमिशनला पगार म्हणू नका असं सांगणाऱ्या कंपन्यांच्या एचआर खात्यात हा निकाल चौकटीत लावून ठेवावा असं मला फार वाटतं.

मालकांची बाजू मला माहीत आहे, कारण नंतरची काही वर्षं मी स्वतः टीम सांभाळली आणि ते बारीक टायपातलं वाक्य माझ्याच तोंडून चार-पाच पोरांना ऐकवलं. बाजू अशी: आज बुकिंग घेऊन पोरगा जातो, मागे वसुली कोण करणार? मार्चअखेरीस आकडा दाखवायला स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतात, मे-जूनमध्ये तो परत येतो, एक्स्पायरीची खोकी घेऊन बसायचं कंपनीने. हे खरं आहे. मीही मारलाय माल गळ्यात. इस्लामपूरच्या एका स्टॉकिस्टने मला कफ सिरपची खोकी दाखवत "हे आता तुम्हीच प्या" असं म्हटलेलं विसरलेलो नाही. पण या सगळ्याला उत्तर विक्रीच्या अटीतच मिळतं. वसुलीनंतरच कमिशन द्या. नव्वद दिवसांत परत आलेला माल वजा करा. मागे राहिलेल्या सहकाऱ्याने वसुलीचं काम केलं तर त्याचा वाटा आधीच ठरवून ठेवा, तिशी-सत्तरी काय ते. यातल्या कशालाही माणूस रोलवर असण्याची गरज लागत नाही. त्याचा बँक खाते क्रमांक पुरतो.

दुसरा युक्तिवाद जास्त प्रामाणिक असतो: माणसं टिकावीत म्हणून ही अट आहे. टिकावीत म्हणून वेगळा बोनस द्या ना. वर्ष पूर्ण केलं तर अमुक रक्कम, नाही केलं तर नाही. त्याला मी एका शब्दाने हरकत घेणार नाही, कारण तिथे टिकणं हीच अट आणि टिकण्याचेच पैसे. पण विकण्याचे पैसे टिकण्याच्या खुंटीला बांधणं म्हणजे त्याचेच पैसे ओलीस ठेवून त्याला थांबवणं आहे. करार कायद्याचं कलम २७ माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारे करार रद्दबातल ठरवतं. हे कलम कमिशनच्या अटीला थेट लागतं असा माझा दावा नाही. पण मन त्याच दिशेने जातं.

"सही तर तूच केलीस ना?" हे शेवटचं हत्यार. केली. १९८६च्या ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की एका बाजूला सगळी ताकद आणि दुसऱ्या बाजूला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यापलीकडे पर्याय नसलेला माणूस, अशा करारातलं अन्यायकारक कलम लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द होऊ शकतं. त्या प्रकरणातली कंपनी सरकारी होती. खासगी मालकाविरुद्ध हा निकाल चालवणं म्हणजे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं झिजणं. साडेअठरा हजारांसाठी कोण झिजतं? वकिलाची पहिली फी तेवढीच होते. छोट्या रकमेच्या हक्काला सोपी, फुकट, जवळची जागा नसेल तर तो हक्क नसल्यातच जमा, आणि अशी जागा कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत आहे. तिथे जायला कमिशन 'वेतन' असावं लागतं. म्हणून मी एका व्याख्येवर एवढा अडून बसलोय.

बाहेर याचं काय करतात ते बघितलं तर फार अवघड काही दिसत नाही. कॅलिफोर्नियात २०१३ पासून कमिशनचा करार लेखी हवा, कमिशन कसं मोजणार आणि कसं देणार ते त्यात हवं, सही केलेली प्रत कर्मचाऱ्याला द्यायची. कराराची मुदत संपली आणि काम चालू राहिलं तर जुन्याच अटी चालू आहेत असं धरायचं. न्यूयॉर्कचा कायदा आणखी गमतीचा: मालकाला लेखी अटी दाखवता आल्या नाहीत तर सेल्समन सांगेल त्याच अटी ठरल्या होत्या असं गृहीत धरतात. आपल्याकडे हे उलट आहे. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद, सर्क्युलर कंपनीच्या पोर्टलवर, विक्रीचे आकडे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, आणि माणूस मोकळ्या हाताने म्हणतोय माझे अमुक रुपये आहेत. युरोपात २०१४ साली ब्रिटिश गॅसच्या एका विक्रेत्याच्या दाव्यात न्यायालयाने ठरवलं की रजेच्या काळात विक्री होत नाही म्हणून पुढे कमिशन बुडतं, तेव्हा रजेचा पगार मोजताना कमिशनही धरा. नाहीतर माणूस रजाच घेणार नाही. आमच्या टीममधल्या एकाने स्वतःच्या लग्नाला चार दिवस घेतले होते आणि त्यातले दोन कऱ्हाडच्या डॉक्टरांना फोन करण्यात घालवले, ते आठवलं.

आपल्याच देशात शेजारच्या टेबलावर एक उदाहरण बसलं आहे. एलआयसीचा एजंट. तो नोकर नाही, पगार नाही, ऑफिसला बांधील नाही. पण पॉलिसीचे हप्ते भरले जातात तोवर त्याला नूतनीकरणाचं कमिशन मिळत राहतं, ठरावीक अटी पुऱ्या असतील तर एजन्सी सुटल्यावरही, आणि तो गेला तर त्याच्या वारसांना. गावागावांत विधवा बायका या कमिशनवर घर चालवताना मी बघितल्या आहेत. २०२३ मध्ये सरकारने एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. म्हणजे नोकर नसलेल्याचं कमिशन मृत्यूनंतरही चालतं, आणि नोकर असलेल्याचं राजीनाम्याच्या मेलबरोबर मरतं. करार कायद्याचं १८७२चं कलम २१९ही एजंटाबद्दल हेच सांगतं: वेगळं काही ठरलं नसेल तर सोपवलेलं काम पुरं झालं की मेहनताना देय होतो. दीडशे वर्षांपूर्वी दलालाला जे दिलं ते आज पगारी माणसाला द्यायला काय हरकत आहे?

माझी मागणी दोन ओळींची आहे. वेतन संहितेच्या त्या दुसऱ्या परंतुकात कमिशनचं अक्षर वाढवा, म्हणजे वेळेवर देण्याचे, कपातीचे आणि तक्रारीचे नियम त्याला लागतील. पीएफ-ग्रॅच्युइटीत धरायचं की नाही हा वाद वेगळा, तो नंतर घालू. आणि त्याखाली लिहा की विक्री पूर्ण होऊन मिळकत पक्की झालेलं कमिशन कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्याच्या कारणाने नाकारता येणार नाही. केंद्राने पहिलं पाऊल उचलण्याची वाट राज्याने बघायचीही गरज नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. १९६९ साली माथाडींसाठी देशात कुठे नव्हता असा कायदा याच विधिमंडळाने केला होता, आणि माथाडीही काही महिन्याच्या पगारावर नव्हता. पाठीवरच्या पोत्याच्या हिशेबावर होता.

तोवर काय? तोवर माझ्याकडे अधूनमधून कोणी पोरगा येतो. भाच्याचा मित्र, जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. परवा एक आला होता, टाइल्सच्या कंपनीत कोल्हापूर विभाग बघतो. नवीन नोकरी हातात आहे, तिकडे लवकर या म्हणतात, इकडे दोन लाखांचं वार्षिक इन्सेन्टिव्ह जूनमध्ये मिळायचं आहे. योजनेचा कागद त्याने दाखवला, मी सवयीने शेवटचं पान आधी उघडलं. सर्क्युलर आणि महिन्याचे सेल स्टेटमेंट आताच स्वतःच्या मेलवर घे, बाकीची गोपनीय माहिती मात्र घेऊ नकोस, असं त्याला सांगितलं. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अखेरच्या हिशेबाच्या, कागदावर 'आता काही येणे नाही' असं छापलेलं असेल तर सही करताना 'इन्सेन्टिव्हचा हक्क राखून' असं हाताने लिहायला सांगितलं. त्याने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे काका, पण राजीनामा टाकू कधी?"

"पैसे खात्यात पडल्यावर," मी म्हणालो. "नव्या कंपनीला सांग घरी लग्न आहे."

तो हसला. घरात लग्नाचं कोणी नव्हतं.